परमुलखातला इंग्रजीचा तास : मराठवाड्यातील शिक्षकांच्या अनुभवांचा मागोवा

जळकोट १९९९ मध्ये तालुक्याचे गाव झाले. त्यानंतर तहसील कचेरीच्या आसपास जी दुकाने उघडली, त्यांत माझेही झेरॉक्स आणि टायपिंगचे एक दुकान होते. सातबारा, रहिवासी दाखला, पीकविम्याचा अर्ज ही तिथली रोजची कामे. काही वर्षांनी मात्र एक निराळे काम येऊ लागले. इंग्रजी विषयात एम.ए. झालेली, कुणी बी.एड., कुणी पीएच.डी. असलेली माणसे येत आणि आवाज खाली आणून सांगत की बायोडाटा 'त्यांच्या' नमुन्यात करून हवा आहे. 'ते' म्हणजे कधी लिबियातले विद्यापीठ, कधी येमेनमधले, पुढे पुढे बहुतेक वेळा इथिओपियातले. आवाज खाली येण्याचे कारण साधे होते. ज्या महाविद्यालयात ते तासिका तत्त्वावर शिकवत होते तिथे ही गोष्ट आधी कळली, तर पुढच्या वर्षीच्या तासिकाही जाण्याची भीती होती.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. इंग्रजी पाचवीत सुरू झाले आणि जे काही आले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. पण कागद हातून जात असल्यामुळे कुतूहल वाढले. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या भागातून गेलेले शिक्षक सुटीवर आले की मी त्यांना बसवून विचारू लागलो. काहींनी पत्रे दाखवली, काहींनी वह्या वाचायला दिल्या. हा लेख त्या बोलण्यांवर, त्या वह्यांवर आणि नंतर या विषयावर जे वाचता आले त्यावर उभा आहे. बरेच जण अजून नोकरीत आहेत, म्हणून नावे कुणाचीच देत नाही.

'परदेशात इंग्रजी शिकवणारा' म्हटले की लंडन किंवा न्यूयॉर्ककडचा, जपान-कोरियात वर्षभर राहून येणारा गोरा तरुण डोळ्यांसमोर येतो. त्याच्या गमतीजमतींवर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. आपल्याकडून गेलेला शिक्षक त्या लेखनात नाही, आणि मराठीतही त्याची नोंद फारशी दिसत नाही. तो स्वतः इंग्रजी घरात शिकलेला नसतो. ती त्याची तिसरी किंवा चौथी भाषा असते. याच कारणाने तिथे त्याला कमी लेखले जाते. परंतु त्याच्या हाती जे खरे भांडवल आहे, तेही याच कारणातून आलेले आहे, असे मला या सगळ्या कागदांतून दिसले.

जाण्याची कारणे

आपल्या बाजूचे कारण वाचकांना ठाऊक आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊनही कायम जागा मिळेलच असे नाही. जागा निघाली तरी तिच्याबरोबर येणारा आकडा कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला झेपत नाही. तासिकेचे मानधन सहा-सहा महिने येत नाही. चाळिशी जवळ आली की माणूस शेत विकायचे की देश सोडायचा एवढाच हिशेब करतो.

पलीकडच्या बाजूची कारणे मात्र देशागणिक वेगळी आहेत. इथिओपियात इटलीचा अंमल १९४१ मध्ये संपला आणि सम्राट हैले सेलासी यांनी शिक्षणाची घडी नव्याने बसवली. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि शिक्षक भारतातून बोलावले गेले. त्या काळात गेलेल्यांत केरळचे शिक्षक फार. १९७४ मध्ये सम्राटाची सत्ता गेली, यादवी आली. नंतर १९९४ च्या शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षण स्थानिक भाषांत नेले, पण माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे इंग्रजीतच राहिली. त्या सुमारास देशात विद्यापीठे दोन-तीनच होती. आज ती चाळीसहून अधिक आहेत. इतक्या वेगाने विद्यापीठे उघडली तर प्राध्यापक कुठून आणणार? परदेशी अध्यापकांत भारतीय सर्वांत अधिक भरले, आणि त्यांत या वेळी मराठवाड्यातलेही होते.

लिबियाची कथा उलटी आहे. अमेरिकेशी वैर टोकाला गेले तेव्हा, १९८६ मध्ये, गद्दाफी राजवटीने शिक्षणातून इंग्रजीच काढून टाकली. नव्वदच्या दशकात ती परत आणली गेली, पण मधल्या काळात एक पिढी तिच्यावाचून मोठी झाली होती आणि इंग्रजीचे शिक्षक दुसऱ्या विषयांकडे वळले होते. ती पोकळी भरायला बाहेरची माणसे लागली. येमेनमध्ये नव्वदच्या दशकात नवी विद्यापीठे निघाली. ताइझ, इब्ब, हुदैदा येथील इंग्रजी विभागांत भारतीय अध्यापक असणे ही नेहमीची गोष्ट झाली. याच काळात येमेन, सुदान, इराक इथले विद्यार्थी आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकायला येत होते. काहींनी इंग्रजीत पीएच.डी. केली. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालती होती.

त्यातही इथिओपियाशी आपले नाते जुने आहे. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, तो मूळचा हबशी, म्हणजे त्याच मुलखातला. गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा निजामशाहीचा वजीर झाला. आपल्या भाकरीचा जोंधळादेखील मुळात ईशान्य आफ्रिकेतून इकडे आलेला. चारशे वर्षांनी त्याने वसवलेल्या शहरात शिकलेला शिक्षक त्याच्या मुलखात इंग्रजी शिकवायला जातो, तेव्हा विमानतळावर त्याला मात्र आपण अगदी परक्या जागी आलो असेच वाटते.

कागदांची वाट

पहिला त्रास जाण्याआधीच सुरू होतो. पदवी, गुणपत्रक, अनुभव प्रमाणपत्र ही सर्व कागदे आधी राज्य शासनाकडून, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासातून साक्षांकित करून घ्यावी लागतात. एका शिक्क्यावर नाव 'देविदास' आणि दुसऱ्यावर 'देवीदास' असे आले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या नावांत वडिलांचे नाव मध्ये आणि आडनाव शेवटी. गुणपत्रकावर मात्र आडनाव आधी. दोन्ही माणसे एकच आहेत हे पटवण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागे. ती प्रतिज्ञापत्रे मी कितीतरी टाइप केली आहेत.

गंमत अशी की इथिओपियात आडनाव नसतेच. स्वतःचे नाव आणि मागे वडिलांचे नाव, एवढेच. त्यामुळे आपला शिक्षक सवयीने शेवटच्या नावाने हजेरी घेऊ लागला की तो वर्गातल्या प्रत्येकाच्या बापाला हाक मारत असतो. विद्यार्थी हसतात, आणि शिक्षकाला आठवडाभर कारण कळत नाही.

घड्याळ, पंचांग आणि ताट

सगळ्यांनी न चुकता सांगितलेला किस्सा घड्याळाचा. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. 'परीक्षा दोन वाजता' असे ऐकून शिक्षक दुपारी जेवून निघतो, तेव्हा ती परीक्षा सकाळी आठलाच सुरू होऊन संपलेली असते. त्यांचे वर्ष तेरा महिन्यांचे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवे वर्ष सप्टेंबरच्या ११ तारखेला, लीप वर्षाच्या आधी १२ तारखेला, लागते. वर्षाचा आकडा आपल्या इंग्रजी सनापेक्षा सात-आठने मागे असतो. पगारपत्रकावर एक सन, करारावर दुसरा, व्हिसावर तिसराच हिशेब. पण एका शिक्षकाने मला सुरेख सांगितले : "आपला शक अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे, आपल्याला अधिक महिना, आपल्या पंचांगाचा दिवसही सूर्योदयाला सुरू होतो. आपण विसरलो, ते विसरले नाहीत."

जेवणाचेही तसेच. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे मोठे धिरडे. चव आंबट, पहिले काही दिवस नको वाटते. पण शिरो नावाचे कालवण हरभऱ्याच्या किंवा तत्सम डाळीच्या पिठाचे असते, म्हणजे जवळजवळ आपले पिठलेच. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी, तसेच मोठ्या उपवासांच्या काळात, मांस, अंडी, दूध काही खात नाहीत. माळकरी घरातल्या शिक्षकाला बुधवार-शुक्रवार हे आठवड्यातले सर्वांत निश्चिंत दिवस वाटत. येमेनमध्ये भाकरीची सोय होती, पण दुपारनंतर गावचे सगळे व्यवहार मंदावत. लोक कात नावाची हिरवी पाने गालात धरून तासन् तास बसतात. आपल्या विड्यातला कात तो हा नव्हे. दुपारचा वर्ग ठेवला तर समोर बाक रिकामे.

उदगीरकडच्या काहींना एक फायदा होता. आमचा उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राज्यात शाळा आणि कचेरी उर्दूची, त्यामुळे कितीतरी घरांत ती लिपी टिकून होती. अशा शिक्षकांना लिबियात दुकानांच्या पाट्या वाचता येत. अर्थ कळत नसे, पण अक्षर ओळखीचे असले की माणसाला परकेपणा कमी वाटतो.

वर्गात

आता मुख्य गोष्ट. अरबी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला 'प' म्हणता येत नाही, कारण अरबीत तो वर्ण नाही. 'पेपर'चा 'बेबर' होतो. हे वरवरचे. खोल अडचण लिहिण्यात आहे. अरबी लिखाणात व्यंजने आणि दीर्घ स्वर लिहितात, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. वाचणारा ते मनाने घालतो. त्या सवयीचा विद्यार्थी इंग्रजी शब्द लिहिताना मधले स्वर गाळतो किंवा भलतेच घालतो. आपला शिक्षक आधी चिडतो, दहा वेळा स्पेलिंग लिहून आणायला सांगतो. त्यात काही फरक पडत नाही. आपली मात्रा-वेलांटी कधी गळत नाही, म्हणून ही चूक कशातून येते हे त्याला सुचतच नाही. ज्याला उर्दू येत होती, त्याला ते पहिल्या महिन्यात उमगले.

दुसरी चूक 'ही टीचर' अशी. अरबीत वर्तमानकाळी 'आहे' हे क्रियापद लागत नाही. एका शिक्षकाच्या वहीत यापुढे लिहिलेले मी वाचले : मराठीत आपणही 'माझे नाव अमुक' म्हणतो, 'आहे' म्हणत नाही, पाचवीत मी स्वतः 'माय नेम अमुक' असेच लिहीत होतो आणि गुरुजींनी छडी मारली होती, कारण सांगितले नव्हते. इथे मी कारण सांगितले, आणि पंधरा दिवसांत चूक कमी झाली.

इथिओपियात अम्हारिक ही मोठी भाषा. तिच्यात क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, जसे मराठीत. तिची लिपीही आपल्या बाराखडीसारखी : प्रत्येक व्यंजनाची सात स्वररूपे, मूळ अक्षरे तेहतीस, एकूण दोनशे एकतीस. जिथे अक्षर आणि उच्चार एकमेकांना धरून असतात अशा लिपीत वाढलेल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग ही शुद्ध फसवणूक वाटते. जळकोटच्या मुलालाही तेच वाटते. विद्यापीठात पहिल्या वर्षाला येणारी अनेक मुले शाळेत दूरचित्रवाणीवरून शिकलेली असत. २००४ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले इंग्रजी पाठ पडद्यावर दाखवले जाऊ लागले. वर्गातला शिक्षक सुरुवातीला आणि शेवटी काही मिनिटे बोले, मधला तास पडदा शिकवी. पडदा थांबत नाही आणि प्रश्न ऐकत नाही. त्या मुलांना इंग्रजी ऐकायची सवय होती, पण तिच्यात तोंड उघडायची नव्हती.

त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत शिक्षक हैराण होई. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, वही कोरी, प्रश्न विचारला की सगळे खाली बघणार. त्यातच मुलांची तक्रार वर जाई की सर फार भरभर बोलतात, त्यांचा 'ट' आणि 'ड' चित्रपटातल्या इंग्रजीसारखा नाही. तक्रार खोटी नव्हती. आपले ट-ड मूर्धन्य आहेत, इंग्रजांचे नाहीत. ज्यांनी ती मनावर घेऊन वेग कमी केला आणि फळ्यावर अधिक लिहिले ते टिकले. ज्यांनी ती अपमान समजून घेतली ते करार संपायच्या आत परतले.

'नेटिव्ह' नावाची भिंत

जाहिरातींत एक अट वारंवार दिसते : इंग्रजी ही ज्याची मातृभाषा तोच हवा. काही देशांनी ती थेट नियमात घातली आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. आखाती देशांतही गोऱ्या शिक्षकाचा पगार आणि आपल्या शिक्षकाचा पगार यांत अंतर असते, काम मात्र एकच.

या समजुतीला अभ्यासकांनीही आव्हान दिले आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात, मातृभाषक हाच आदर्श शिक्षक हे मत भ्रामक ठरवले. काश्मीरचे ब्रज काचरू यांनी त्याआधीच, १९८५ मध्ये, इंग्रजीची तीन वर्तुळे मांडून भारतासारख्या देशांतली इंग्रजी ही स्वतःच्या पायांवर उभी असल्याचे दाखवले. हंगेरीचे पीटर मेद्येश यांनी १९९४ च्या पुस्तकात आणखी व्यवहाराची गोष्ट सांगितली : ज्याने भाषा कष्टाने शिकली तो विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच ओळखतो आणि शिकण्याच्या युक्त्या सांगू शकतो. जन्मापासून ती बोलणाऱ्याला हे जमेलच असे नाही. माझ्या समोरच्या वह्या या विधानाचा पुरावाच आहेत, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मेद्येश वाचलेला नव्हता.

तथापि एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. गोऱ्याच्या तुलनेत कमी पगार घेणारा आपला शिक्षक इथिओपियातल्या स्थानिक प्राध्यापकापेक्षा कितीतरी अधिक घेत असे, आणि तोही डॉलरमध्ये. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. स्थानिकांच्या मनातली अढी आपल्या लोकांना टोचे. पण त्यामागचे गणित गावाकडे कायम प्राध्यापकाशेजारी बसणाऱ्या तासिकावाल्याला समजायला कठीण नव्हते. एकाने मान्य केले की आयुष्यात पहिल्यांदा आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो आणि ते आवडतही होते.

परतणे

फेब्रुवारी २०११ मध्ये लिबिया पेटला. भारत सरकारने 'ऑपरेशन सेफ होमकमिंग' राबवून सुमारे पंधरा हजार भारतीयांना परत आणले. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून 'ऑपरेशन राहत' झाले. नौदलाची जहाजे एडन आणि हुदैदा बंदरांतून माणसे जिबूतीला नेत आणि तिथून विमाने मुंबई-कोचीला. साडेचार हजारांहून अधिक भारतीय परतले. ज्यांचे पगार थकले होते ते थकलेच राहिले. २०१६ मध्ये येमेनची मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलली आणि उत्तरेकडच्या सरकारी नोकरांचे पगारच थांबले, तिथे परदेशी माणसाची थकबाकी कोण विचारतो?

अशा वेळी एक पिशवी घेऊन परतलेले एक शिक्षक माझ्या दुकानी आले. नव्या अर्जासाठी सहा वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता. विद्यापीठ बंद, कुलसचिव कुठे आहेत ठाऊक नाही, कागदांची पेटी तिकडेच राहिलेली. मला आठवले की सुटीत आले असताना त्यांचे करारपत्र मी स्कॅन केले होते. जुन्या संगणकात शोधले तर पहिल्या दोन करारांची पाने निघाली. सहापैकी चार वर्षे कागदावर आली, दोन गेली. तो अनुभव धरायचा की नाही यावर पुढे फाईल बराच काळ फिरली आणि अखेर धरला गेला नाही. त्या दिवशी ते प्रिंट घेऊन बाकावर बराच वेळ बसले होते. म्हणाले, "निदान मी तिथं होतो एवढं तरी लिहिलेलं आहे."

मी हा विषय गंभीरपणे धरला तो तेव्हापासून.

आपल्या वर्गाकडे

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणारे जळकोटचे मूल दहा वर्षे ती शिकलेले असते. तरीही ते क्रियापद शेवटी टाकते, 'अ' आणि 'द' ही उपपदे गाळते, कारण मराठीत ती नाहीत, आणि स्पेलिंग पाठ करून विसरते. चुकीवर लाल रेघ पडते. चूक कुठून आली ते कुणी सांगत नाही. याचे उत्तर लंडनहून येणाऱ्या पुस्तकात असेल, पण त्याआधी ते त्या वह्यांत आहे. एका वहीत तीन रकाने आखलेले मी पाहिले : विद्यार्थी काय म्हणाला, त्याची भाषा तिथे काय करते, आणि आपली मराठी तिथे काय करते. तिसरा रकाना त्या शिक्षकाने स्वतःच्या समजुतीसाठी लिहिला होता. आपल्या शाळांना नेमका तोच हवा आहे.

तो शिक्षक आता संध्याकाळी घरच्या ओसरीवर मुलांची शिकवणी घेतो. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही ठिकाणी विद्यापीठे आहेत, इंग्रजीचे विभाग आहेत, प्रबंधांना विषय हवे असतात. परतलेल्या या माणसांच्या मुलाखती घेणे, वह्यांच्या प्रती काढून ठेवणे याला फार पैसा लागत नाही. काही जण आता सत्तरीला आले आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा माणूस असेल, किंवा माळ्यावर त्याची ट्रंक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तिच्यातले कागद रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहावेत. प्रती काढायच्या असतील तर माझे दुकान आहेच.